उखा मिस्तरींची ओढ्याकाठची भिंत

उखा मिस्तरी गेल्याचं पोस्टकार्ड धुळ्याला आमच्या साप्ताहिकाच्या कचेरीत आलं, ते माझ्या नावाने नव्हतं. "संपादक" एवढाच पत्ता होता. आत चार ओळी : म्हसावदचे जुने गवंडी उखाजी यांचं थोड्या आजाराने निधन झालं, वय साठीपुढे, मागे पत्नी आणि नंदुरबारला रेल्वेत असलेला मुलगा, जागा असल्यास छापावं. अक्षर गावच्या शाळामास्तरांचं होतं. मी कार्ड स्थानिक बातम्यांच्या गठ्ठ्यात ठेवलं, दुसऱ्या दोन बातम्या तपासल्या, मग उठून ते पुन्हा बाहेर काढलं. त्या आठवड्यात लढाईमुळे कागद कमी मिळाला होता, दोन पानं गाळावी लागली. बातमी गेली नाही.

त्यांच्याविषयी आमच्या पत्रात एकदाच छापून आलं आहे. नऊ वर्षांपूर्वी, दोन ओळी, आणि त्या मी लिहिल्या होत्या. त्यातला प्रत्येक शब्द खरा होता. तरीही त्या दोन ओळींनी या माणसाचं गवंडी म्हणून असलेलं नाव गेलं आणि ते परत आलं नाही. कसं गेलं ते सांगायचं राहून गेलं, म्हणून हे लिहीत आहे.

माझी आई कळसाडीची आणि उखाजीही कळसाडीचे. नात्याचा धागा काही नव्हता, पण आईच्या माहेरगावचा माणूस तो मामा, या हिशेबाने ते आमचे उखामामा. पुढे ते आमच्या म्हसावदला येऊन राहिले. मला आठवतात ते उभेच आठवतात. त्यांना बसलेलं मी फार थोड्या वेळा पाहिलं. लग्नाच्या पंगतीत पहिला भात संपायच्या आत ते उठायचे आणि मांडवामागच्या भिंतीवर तळहात फिरवताना दिसायचे. स्वतःच्या लग्नाची बोलणी करायला गेले तेव्हा मुलगी समोर येऊन बसली, आणि यांनी होणाऱ्या सासऱ्यांना विचारलं की हा ओटा कोणी बांधला, याचा उतार घराकडे का आहे. हे सांगून मामी दर वेळी हसायच्या आणि पुढे म्हणायच्या, "मन्ही सवत दगडनी शे. तिले जेवाडाले नही लागत, पन रोज भेटाले जाणं पडस."

धंदा त्यांनी बापाकडून घेतला, पण भिंत कशी उभी राहते ते आपण मोलगीकडे शिकलो, असं ते सांगत. तरुणपणी जंगलातल्या रस्त्याच्या कामावर ते वर डोंगरात गेले होते. रस्त्याच्या कडेला माती धरून ठेवणाऱ्या भिंती बांधायच्या होत्या. यांनी सपाटीवरच्या सवयीने ओळंबा लावून सरळ भिंत उभी केली, चुन्यात पक्की. पहिल्याच पावसाळ्यात ती आडवी झाली. शेजारी जात्र्या नावाच्या एका डोंगरातल्या माणसाने आपल्या शेताच्या कडेला नुसता दगडावर दगड रचला होता, चुन्याचा कण नाही, आणि त्याची भिंत जागच्या जागी. उखामामा चार दिवस कामानंतर तिच्याभोवती फिरत राहिले. शेवटी जात्र्यालाच विचारलं. तो म्हणाला, डोंगर पडत नाही, पाणी पडतं. त्याची भिंत डोंगराकडे थोडी कललेली होती, अधूनमधून एक लांब दगड आत मुरमात रुतवलेला होता, आणि पाणी दगडांच्या फटींतून सुखाने बाहेर येत होतं. मामांनी तेवढं उचललं आणि जन्मभर वापरलं. भिंत दर हाताला दोन बोटं मागे, दर तिसऱ्या थरात आरपार दगड, पाठीशी हातभर रुंद गोट्यांची भर, आणि पाण्याला भोकं. चुना ते लावत, कारण गावातल्या माणसांना चुन्याशिवाय भिंत वाटत नाही. पण भरवसा चुन्यावर नव्हता.

मी धुळ्याला नोकरीला लागल्यावर आमच्या घरापुढचा ओटा त्यांनी केला. त्या कामाला आठ दिवस पुरले असते, ते सोळा दिवस चाललं, कारण बसवलेली फरशी ते आईला तपासायला लावत. "ताई, आठे उभी ऱ्हाय. आते पाय बदल." आई पाय बदलायची. ते डोळे मिटून ऐकायचे. "बोलना का दगड?" आई म्हणायची, नाही बोलला. "बोलना. तुले ऐकू नही उना." आणि फरशी पुन्हा उचलली जायची. आई वैतागून म्हणाली, "उखादादा, दगड बोलो की न बोलो, मी पापड कोठे वाळाडू?" तो ओटा आजही कुठे डुगत नाही. पावसाचं पाणी एका कोपऱ्यातून निघून जातं. पण ओट्याविषयी कोणी बोलत नाही. लोकांना उखा मिस्तरी आठवतात ते हस्तीमल शेठांच्या भिंतीमुळे.

शेठांचं घर म्हसावदच्या बाजाराकडे तोंड करून आहे. पुढे दुकान, मागे राहती जागा आणि त्यामागे एकदम ओढ्यात उतरणारा कडा. घरातल्या बायकांना पुढे दुकानामुळे येता येत नव्हतं, मागे उतारामुळे. शेठाणीबाई लग्न होऊन मारवाडातून आल्या त्याला तेव्हा वीस वर्षं झाली होती; या वीस वर्षांत घरातल्या घरात उन्हात बसायला त्यांना जागा नव्हती. त्यांनी शेठांकडे एकच मागितलं, मागे एक मोकळा ओटा. त्यासाठी ओढ्याकडून दोन पुरुष उंच, चाळीस हात लांब भिंत घालायची, आत भर टाकायची आणि वर फरसबंदी करायची. हे उखामामांच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं काम. ते दोन उन्हाळे चाललं. ओटा झाला त्या दिवशी शेठाणीबाई, त्यांच्या लेकी आणि शेजारच्या बायका दुपारभर तिथे बसून होत्या, असं आई सांगायची. काही काम नव्हतं. नुसत्या बसल्या होत्या.

भिंतीत पाण्यासाठी सतरा भोकं ठेवली होती, मूठ जाईल एवढी. भोकं ठेवून काम संपत नाही, ती मोकळी राहावी लागतात. म्हणून मामा दर वर्षी अखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली की पावसाच्या तोंडावर एक लोखंडी सळई खांद्यावर टाकून आपण बांधलेल्या भिंतींच्या फेरीला निघायचे. अखाजीला आमच्याकडे मुराळी धाडून लेकींना माहेरी आणतात, झोके बांधले जातात. मामांना लेक नव्हती. पारावरची माणसं विचारायची, "काय मिस्तरी, मुराळी निंघनात का?" मामा न थांबता म्हणायचे, "पोरी सुखी शेतस का, ते देखाले जाई ऱ्हायनू." भोकात सळई घालायची, माती, पाला, मुळं ओढून काढायची. एका भिंतीला अर्धा तास.

भिंत झाल्यावर तिसऱ्या की चौथ्या वर्षी, मला नक्की सांगता येत नाही, शेठांच्या भिंतीत सळई घातली ती बाहेर आली तेव्हा तिच्या टोकाला पिसं होती. शेठाणीबाई वर ओट्यावर होत्या. पुढचं बोलणं मला दोघांकडूनही वेगवेगळ्या वेळी ऐकायला मिळालं आणि ते जुळतं.

"मिस्तरीजी, ती सळई वर करा."

त्यांनी वर केली.

"तिले काय लागेल शे?"

"पिसं शेतस, शेठाणीबाई. चिडीना खोपा व्हता मझार."

"फक्त पिसं?"

 सळईला रक्तही होतं. शेठाणीबाईंचं घर जैन. पाणी गाळून पिणारं, दिवेलागणीनंतर न जेवणारं. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी त्यांनी अन्न घेतलं नाही. आठ दिवसांनी एक मजूर लावून सतराच्या सतरा भोकं विटांच्या तुकड्यांनी आणि चुन्याने बुजवून घेतली. हेतू साधा होता. भोक नसेल तर चिमणी घरटं करणार नाही आणि सळईही येणार नाही. त्यावर सफेदी दिली. भिंत पूर्वीपेक्षा सुंदर दिसायला लागली असं सगळ्यांचं मत पडलं.

मामांना ते पुढच्या अखाजीला कळलं. खाली ओढ्यात उभं राहून, मान वर करून त्यांनी सांगितलं, "भीतना मांगे पाणी साची. तिले वाट जोयजे."

"अन् चिडीले?" वरून शेठाणीबाई म्हणाल्या.

 मामांनी सळई उचलली आणि ते घरी गेले. ही त्यांची चूक, असं ते स्वतः म्हणत. मजुराची नाही, बाईंची नाही. "माले ठाऊक व्हतं," ते मला म्हणाले होते. "ठाऊक ऱ्हाईसन मी घर गऊ. मंग भीत कोनी बिघाडी?"

दोन पावसाळे काही झालं नाही. मामा मात्र रोज ओढ्यावरून चक्कर मारायला लागले. मामी म्हणायच्या की जेवताना हात थांबायचा, ढगाकडे बघायचे आणि ताट तसंच ठेवून निघायचे. मधल्या काळात शेठ वारले, दुकान मुलांनी घेतलं, घरातले नेमधर्म शेठाणीबाईंच्या शब्दावर राहिले. तिसऱ्या पावसाळ्यात, आषाढ सरताना, भिंतीच्या मधोमध पोट आलं. मामांनी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दोरी ताणली. मधला भाग दोरीच्या चार बोटं पुढे होता.

मी त्या आठवड्यात गावी आलो होतो. मी भिंत पाहिली, दोरी पाहिली, चार बोटं स्वतः मोजली. मामांना विचारलं, कशाने झालं? ते म्हणाले, "पाणीनं." मी विचारलं, पाण्याला वाट नव्हती का? ते म्हणाले, "भीत मन्ही शे. लिखी घे." सफेदीखाली बुजवलेली भोकं मला दिसली नाहीत, आणि मी आणखी कोणाला विचारलं नाही. धुळ्याला परतून दोन ओळी दिल्या : म्हसावद येथे ओढ्याकाठची उंच भिंत फुगली असून ती धोकादायक आहे, बांधकाम उखाजी मिस्तरी यांचे. पायवाट वापरणाऱ्यांना सूचना मिळावी हा उद्देश होता. अंक गावात पोचला, तो मास्तरांनी पारावर वाचून दाखवला. मामा तिथेच उभे होते. कोणीतरी म्हणालं, भाच्यानेच नाव घातलं बघा. ते म्हणाले, "खोटं काय शे त्यामा? भीत मन्हीच शे."

भोकं बुजवली होती हे ती पुढे फोडली तेव्हा मला कळलं; बाईंचं नाव त्यांनी का घेतलं नाही, ते मी नंतर विचारलं. त्यांनी सांगितलं की ते नाव घेतलं असतं तर मुलांनी आईला ओट्यावर येऊ दिलं नसतं. एवढंच कारण. ओटा तिच्यासाठी बांधला होता.

भिंत उतरवून पुन्हा बांधायला हवी होती. पण चातुर्मास लागला होता. पावसाळ्याच्या या चार महिन्यांत जमिनीत जीव फार असतात म्हणून ते घर माती खणत नाही, खणू देत नाही. बुजवलेली भोकं फोडायला शेठाणीबाई तयार झाल्या. दोरी पाहून त्यांना कळलं होतं. मामांनी सतराही फोडली. आत गाळ बसून दगडासारखा झाला होता, थेंब बाहेर आला नाही. मागून खणल्याशिवाय इलाज नव्हता.

"कार्तिकी पुनव लगून थांबा, मिस्तरीजी."

"मी थांबसू, शेठाणीबाई. भीत थांबी का, ते काही सांगता येवाव नही."

त्या चार महिन्यांत हा माणूस कसा राहिला, हे मी तुकड्यातुकड्यांनी पाहिलं आहे. त्यांनी सागाचे सहा टेकू लावले. भिंतीला जिथे चीर गेली होती तिथे चिरेवर चुन्याची चकती चिकटवली. चकती तडकली म्हणजे भिंत हलली. दिवसातून पाच-सहा वेळा येऊन ते चकतीला नाक लावून बघत. पोळ्याच्या दिवशी एक तडकली. त्यांनी दुसरी लावली. ती पितरपाटात, म्हणजे पितृपक्षात, तडकली. ओढ्याच्या पायवाटेवर दोन्ही बाजूंनी त्यांनी बाभळीचे काटे घातले आणि दिवसभर स्वतः तिथे उभं राहून लोकांना वळवत. धुणं घेऊन येणाऱ्या बायकांना अर्धा कोस फेरा पडायचा. "मिस्तरी, भीत तुमनी वाकडी अन् फेरा आम्हले?" मामा म्हणायचे, "फेरा घाल, माय. जित्ती ऱ्हायशी तर शिव्या देशी." पारावरच्या मंडळींना टेकू दिसत होते. "म्हतारी काठी टेकीसन उभी शे," असं म्हणून ती हसत. कळसाडीच्या पाटलांनी विहिरीच्या ओट्याचं काम मामांना सांगून ठेवलं होतं, ते नंदुरबारच्या एका मिस्तरीला दिलं. स्वतःच्या गावातलं काम गेलं, ते मामांना लागलं.  त्या दिवशी त्यांनी काट्याच्या कुंपणाशी चार फेऱ्या जास्त मारल्या, असं मामी म्हणाल्या... त्यांनी मोजल्या होत्या.

मी एकदा दुपारी त्यांच्यासोबत तिथे थांबलो. पाऊस नव्हता. ते भिंतीच्या एका टोकाला जायचे, परत यायचे, मध्ये थांबून दगडावर कान लावायचे. मी म्हटलं, मामा, थोडं बसा. ते म्हणाले, "बठनू तर ती पडी." मला वाटलं ते थट्टा करतात. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

भिंत पडली नाही. कार्तिकी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी त्यांनी पहिला दगड काढला. वरच्या ओट्याच्या फरशा एकेक करून उचलल्या, कोणती कुठली ते कोळशाने खूण करून ठेवलं. सगळी भर काढली. आणि या वेळी चिमणीच्या प्रश्नाचं उत्तर त्यांच्यापाशी होतं. चार महिने त्यांनी बहुधा दुसरा विचार केलाच नसावा. गोल भोकांऐवजी त्यांनी तेवढ्याच, सतरा उभ्या फटी ठेवल्या, दोन बोटं रुंद, वीतभर उंच. पाणी जाईल, चिमणी शिरणार नाही. त्या साफ करायला सळई नको, बांबूची चपटी कामटी पुरेल. आणि फटींच्या वर, दोन हात उंचीवर, त्यांनी दगडात आंधळे कोनाडे ठेवले, पाठीमागे बंद, वर छपरासारखा दगड पुढे काढलेला. भिंत संपल्यावर त्यांनी शेठाणीबाईंना सांगितलं, "खालनं पाणीनं शे, वरनं चिडीनं." पुढच्या वर्षी कोनाड्यांत घरटी झाली. पहिली अखाजी आली तेव्हा मामांनी ओट्याच्या कडेच्या, भिंतीमागच्या गोट्यांत उतरणाऱ्या पन्हाळीत घागरी ओतून खाली कोणकोणती फट वाहते ते पाहिलं. सगळ्या वाहिल्या.

हे झालं तेव्हा मी साप्ताहिकातच होतो. मी नवी भिंत पाहिली, कोनाडे पाहिले, आणि एक ओळही लिहिली नाही. फुगलेली भिंत बातमी होते, उभी असलेली होत नाही. तेव्हा हे मला योग्य वाटलं होतं. पुढची वर्षं मामांना गोठ्याची, मोरीची, चुलीमागच्या भिंतीची कामं मिळाली. मोठं काम कोणी दिलं नाही. ओळखीचे नसलेले लोक त्यांना "ती फुगेल भीतना मिस्तरी" म्हणत. ते फेरी मात्र करत राहिले, ज्यांनी त्यांना कामातून काढलं त्यांच्याही भिंतींची.

कार्ड आल्यावर दीड महिन्याने मला रजा मिळाली. कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार शहाद्यापाशी दोनदा थांबली, म्हसावदला पोचायला दुपार झाली. मामींना भेटलो. त्या म्हणाल्या, घरात आता फार शांत वाटतं, पावलांचा आवाज नाही. अखाजी होऊन गेली होती. मी ओढ्याकडे निघालो.

शेठाणीबाई खाली ओढ्यात उभ्या होत्या. मी त्यांना आजवर ओट्याच्या कठड्याआडच पाहिलं होतं. त्या खाली कधी उतरल्याचं गावात कोणी सांगत नव्हतं. सून हात धरून बाजूला होती. बाईंच्या हातात बांबूची कामटी, पुढच्या टोकाला मऊ फडकं गुंडाळलेलं. एक फट पुसून झाली की वाकून आत बघायच्या, मग पुढची. मला ओळखायला त्यांना वेळ लागला. ओळखल्यावर काम न थांबवता म्हणाल्या, "तुमना पेपरमा लिखा. भोकं मी बुजाडेल व्हतात. मिस्तरीजींनी तवय कोनले सांगं नही, तुम्हले बी नही." मी म्हटलं, लिहितो. त्या म्हणाल्या, "मन्हा पोरं वाचतीन. वाचू द्या."

मग त्यांनी सुनेला वर पाठवलं. वरून घागरी ओतल्याचा आवाज आला. आम्ही खाली उभे राहिलो. पहिल्या फटीतून पाणी आलं, मग तिसरीतून, मग एकामागून एक. बाई बोटाने मोजत होत्या. दहा घागरी झाल्या, बारा झाल्या.

"सोळा वाहन्यात," त्या म्हणाल्या. "ही नही वाहनी."

ओढ्याच्या वरच्या अंगाची, टोकाची फट कोरडी होती. मी हात लावून पाहिला. दगड गरम होता. त्यांनी कामटी पुन्हा आत घातली; ती सहज गेली, काही अडकलेलं नव्हतं. आणखी चार घागरी ओतल्या. बाकीच्या सोळा वाहत राहिल्या.

"अशी कोरडी ऱ्हायनी तर ते काय करेत?" त्यांनी मला विचारलं.

पाणी तिथे मागे अडून साचत होतं की तिथपर्यंत पोचतच नव्हतं, ते बाहेरून कळायला मार्ग नव्हता. भिंतीला कान लावायचा असतो हे मी पाहिलं होतं, पण काय ऐकायचं असतं ते मला कधी कळलं नव्हतं. परतीची मोटार निघायची वेळ झाली होती. आकाशात पश्चिमेकडून ढग यायला लागले होते. बाईंनी वर हाक मारून आणखी एक घागर मागितली, आणि आम्ही दोघं त्या फटीकडे बघत उभे राहिलो.